शामिसेनच्या डाव्या हाताचे ‘सात नियम’ फिरतायत, कृपा करून पुढे पाठवू नका

जपानमधल्या मराठी लोकांच्या ग्रुपांवर सध्या शामिसेन या तीन तारांच्या, लांब दांडीच्या जपानी वाद्याबद्दल एक लांबलचक मेसेज फिरतोय. हेडिंग आहे, "गिटार येतं? मग शामिसेनचा डावा हात सात दिवसांत तयार!" खाली सात नियम दिलेत. चार बोटांनी चार स्वर धरा, गिटारसारखे. अंगठा दांडीच्या मागे घट्ट रोवा आणि तार जोरात दाबा, दुखलं म्हणजे हात तयार होतोय. दांडीवर आकड्यांची पट्टी चिकटवा, मग कानाची गरज नाही. डाव्या हाताची नखं मुळापासून कापा. बोटात घालायचं ते विणलेलं कापड नुसती शोभा आहे, काढून टाका. पहिल्या दिवसापासून मेट्रोनोम लावून फास्ट वाजवा. आणि शेवटचा, हे वाद्य मुळात आपल्या वीणेतून आलंय म्हणून सतारीसारखी तार आडवी ओढा. लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या प्रकारच्या शामिसेनबद्दल बोलतोय तेही नाही, पण शेवटी "जास्तीत जास्त शेअर करा" मात्र आहे.

मी एरवी अशा मेसेजना उत्तर देत बसत नाही. पण हा माझ्या भाचीपर्यंत, सायलीपर्यंत पोचला. ती सेंडाईला शिकते, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या शामिसेन क्लबात जाते, पुण्यात असताना गिटार छान वाजवायची, त्यामुळे हेडिंग वाचून तिला वाटलं हे आपल्यासाठीच आहे. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, अंगठ्याच्या बुडाशी इतकं दुखतंय की बाटलीचं झाकण उघडत नाहीये, पण दुखायलाच पाहिजे ना, तसंच लिहिलंय." ते ऐकून माझं डोकंच फिरलं, म्हणून हे लिहितेय.

एक आधीच सांगते. मी नागाउता शिकते, म्हणजे काबुकी नाटकांबरोबर वाढलेलं, बारीक दांडीच्या शामिसेनचं संगीत. भाचीचा क्लब त्सुगारु वाजवतो, ते जाड दांडीचं, उत्तरेकडच्या आओमोरीचं. दोन्हींत फरक बरेच आहेत, पण खाली जे लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं दोन्हीकडे लागू आहे आणि जिथे नाही तिथे मी तसं म्हणेन.

सुरुवात दुसऱ्या नियमापासून करते कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतंय.

"अंगठा रोवा आणि जोरात दाबा." अहो, शामिसेनचा भार डाव्या हातावर नसतोच! वाद्याचा चौकोनी डबा उजव्या मांडीवर बसतो, तो घसरू नये म्हणून मांडीवर रबराचा तुकडा ठेवतात, आणि वरून उजव्या हाताचा पुढचा भाग त्या डब्यावर टेकलेला असतो. मांडी आणि उजवा हात, एवढ्यावर वाद्य उभं राहतं. खरं की खोटं ते आत्ता करून बघा. वाद्य घेऊन बसा आणि डावा हात पूर्ण सोडून द्या. दांडी जिथल्या तिथे राहिली तर बैठक बरोबर आहे, खाली यायला लागली तर आजवर तुमचा डावा हात हमाली करत होता, आणि मग तुम्ही बोटांचे कितीही व्यायाम करा काहीही सुधारणार नाही कारण जो हात वजन उचलतोय तो सरकू शकत नाही आणि शामिसेनच्या डाव्या हाताचं मुख्य काम सरकणं हेच आहे. दांडी अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात हलकेच टेकते, अंगठा बाजूला नुसता लागलेला असतो. मागे रोवायचा नाही, चिमटा करायचा नाही.

आता "जोरात दाबा". शामिसेनला पडदे नाहीत. तार लाकडाला टेकली की स्वर पक्का झाला, त्यापुढे तुम्ही दुप्पट जोर लावा नाहीतर चौपट, आवाज सुधारणार नाही. सुधारत नाही एवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं, पण त्याने वाद्यही खराब होतं. ज्या जागांवर बोट पुन्हा पुन्हा पडतं तिथे दांडीचं लाकूड झिजून खळगे पडतात, जपानीत त्याला कानबेरी म्हणतात, आणि मग कारागिराकडे नेऊन दांडी तासून पुन्हा सपाट करून घ्यावी लागते. चांगल्या शामिसेनची दांडी ज्या कोकी लाकडाची असते ते आपलं रक्तचंदन आहे, आंध्रातल्या कडप्पा-चित्तूरच्या डोंगरातलं, एवढं कठीण लाकूड असूनसुद्धा कानबेरी होतेच. शिकाऊ लोकांकडे बहुतेक करिनसारख्या त्यापेक्षा मऊ लाकडाची वाद्यं असतात, ती अजून लवकर खळगतात. आणि खळगा पडला की त्या जागेचा आवाज बिघडतो. म्हणजे जोर लावून हात पण गेला आणि वाद्य पण.

हाताचं सांगते. भाचीला मी जबरदस्तीने डॉक्टरकडे पाठवलं. तिला जे झालंय ते असं. अंगठा बाहेर आणि वर उचलणारे दोन स्नायूबंध मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूने एका बोगद्यासारख्या आवरणातून जातात, ते आवरण जाड होतं, सुजतं आणि मग अंगठा हलवला की कळ येते. फ्रिट्झ द कर्व्हेन नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, दुखण्याला त्याचंच नाव आहे. अंगठ्याने घट्ट पकड आणि वर मनगट पुन्हा पुन्हा वळवणं, याने हे हमखास चिडतं, आणि त्या मेसेजमधले नियम पाळले की नेमकं हेच दोन्ही होतं. तिला आता स्प्लिंट लावलाय आणि वाजवणं बंद आहे.

यात अर्धं खरं काय ते मान्य करते, कारण नाहीतर कोणीतरी तेच घेऊन भांडायला येईल. सुरुवातीला बोटाचं टोक हुळहुळतं, हो, कुठल्याही तंतुवाद्याला होतं आणि काही दिवसांत कातडी सरावते. पण ते कातडीचं दुखणं झालं, वाजवणं थांबवलं की शमतं. सांध्यात, मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी किंवा कोपराकडे जाणारी कळ ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे आणि ती आली की त्याच मिनिटाला वाद्य खाली ठेवायचं. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच वाक्यात कोंबलंय, आणि माझा खरा राग त्याच वाक्यावर आहे.

आता पहिला नियम, चार बोटं चार स्वर. गिटारवाल्यांना हा सगळ्यात पटतो कारण त्यांचा हात तसाच तयार झालेला असतो. पण जरा मोजून बघा ना. क्लासिकल गिटारच्या तारेची वाजणारी लांबी ६५ सेंमी. शामिसेनची हिशेबासाठी ८० सेंमी धरा. सगळ्यात खालच्या स्वरांच्या टोकाला, म्हणजे खुंट्यांकडे, मोकळ्या तारेपासून पहिला अर्धा स्वर गिटारवर साडेतीन सेंमीच्या थोडा पुढे येतो, शामिसेनवर साडेचार सेंमीवर. पहिल्या अर्ध्या स्वरापासून चौथ्यापर्यंत चार बोटं पसरायची तर गिटारवर पावणेदहा सेंमी, शामिसेनवर १२. आणि ती पसरायची कशी, तर अंगठा मागे रोवून! करंगळी तिथे ओढून नेली की मनगट वाकडं होतं, तळवा दांडीला चिकटतो आणि वरच्या जागांकडे सरकायची वेळ आली की हात अडकतो. शामिसेनवर हात पसरवून जागा पकडायच्या नसतात, हात उचलून तिकडे न्यायचा असतो, कोपरापासून.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. बुनकाफु नावाची स्वरलिपी आहे, चौथ्या पिढीच्या किनेइए याशिची यांनी बसवलेली, आज नागाउतापासून लोकगीतांपर्यंत तिच्यात छापलेली पुस्तकं जपानभर मिळतात, नवीन शिकणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पहिल्यांदा तीच येते. तीन तारांसाठी तीन रेघा, त्यावर जागांचे आकडे. कोणत्या बोटाने वाजवायचं तेही तीत रोमन आकड्यांनी लिहितात, एक म्हणजे तर्जनी, दोन म्हणजे मधलं, तीन म्हणजे अनामिका. चार नाही. करंगळीला आकडाच दिलेला नाही. सगळ्यात जास्त काम तर्जनी करते, तिच्या शेजारच्या अर्ध्या स्वराला मधलं बोट, त्याहून लांबच्याला अनामिका, आणि त्याच्यापलीकडे जायचं असेल तर हात सरकवायचा. नवीन रचनांमध्ये कोणी करंगळी लावत असेल तर लावू दे, तो हात आधी तीन बोटांवर तयार झालेला असतो. नवशिक्याने चार बोटांपासून सुरुवात करायची कल्पना कुठून आली मला खरंच कळत नाही.

गिटारवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नका, तुमची बोटं एकमेकांपासून सुटी झालेली असतात त्याचा फायदा होतोच, माझ्या भाचीची अनामिका माझ्यापेक्षा चपळ आहे. पण अंगठ्याची सवय मोडावी लागते आणि ती मोडायला वेळ जातो, त्या वेळेला सात दिवस म्हणणं ही फसवणूक आहे.

तिसरा नियम, पट्टी लावा आणि कान विसरा. यातला पहिला भाग बरोबर आहे, मला मान्यच करावा लागेल. दांडीच्या कडेला चिकटवायची आकड्यांची पट्टी दुकानात मिळते, तिला फुशाकु म्हणतात, शिक्षक स्वतः नवीन माणसाला लावून देतात, त्यात काहीही कमीपणा नाही. कान विसरा म्हणणं मात्र चूक आहे आणि का ते नीट समजून घ्या.

शामिसेनची घोडी, म्हणजे कोमा, चिकटवलेली नसते. वाजवून झालं की कातड्यावर ताण नको म्हणून ती काढून ठेवतात, पुढच्या वेळी पुन्हा लावतात. ती १ सेंमी इकडेतिकडे बसली की तारेची लांबी १ सेंमीने बदलली, मग तारेच्या मध्यावर असणारी सप्तकाची जागा अर्ध्या सेंमीने सरकली, चौथ्या स्वराची, जी लांबीच्या पाव भागावर येते, ती पाव सेंमीने. पट्टी मात्र होती तिथेच आहे. त्यात रेशमी तारा वाजवता वाजवता उतरतात, वादक गाणं चालू असतानाच खुंटी पिळून सूर लावत असतात. आणि वरच्या स्वरांच्या भागात जागा इतक्या जवळ येतात की सप्तकानंतरचा अर्धा स्वर सव्वादोन सेंमीचाच राहतो. मग पट्टीवर डोळे लावून वाजवणारा माणूस प्रामाणिकपणे, नेमक्या रेघेवर बोट ठेवून, बेसूर वाजवत राहतो आणि त्याला कळतसुद्धा नाही. शिवाय पट्टी बघायला मान वाकडी करून पुढे झुकावं लागतं, त्यात बैठक जाते, बैठक गेली की पुन्हा डाव्या हातावर वजन.

बरं, कान वापरायचा तर ऐकायचं काय, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. आपल्या तंबोऱ्याला जवारी असते ना, मिरजेचे कारागीर जी काढून देतात, तसाच झंकार शामिसेनच्या पहिल्या, सगळ्यात जाड तारेला मुद्दाम ठेवलेला असतो, त्याला सावारी म्हणतात. ती एक तार खुंट्यांकडच्या टोकाला आधारपट्टीवरून न जाता लाकडाला जेमतेम स्पर्श करते, त्यातून ती झणझण. आता मजा अशी की दुसऱ्या किंवा तिसऱ्या तारेवर पहिलीशी जुळणारा स्वर अगदी नेमका लागला तर पहिली तार न छेडता आपोआप झंकारते. जरासा चुकला की आवाज कोरडा पडतो. म्हणजे तुमचं बोट बरोबर पडलं की नाही ते वाद्य स्वतः सांगतंय, आणि तुम्ही कडेची पट्टी बघत बसलाय!

याच्यावर सराव करायचा. होनचोशीत, म्हणजे पहिल्या तारेपासून दुसरी मध्यमावर आणि तिसरी वरच्या षड्जावर लावलेली असताना, दुसऱ्या तारेवर बुनकाफुची ६ नंबरची जागा धरा, ती मोकळ्या तिसऱ्या तारेशी तंतोतंत मिळाली पाहिजे. पहिल्या तारेवरची ४ ही मोकळ्या दुसरीशी. नीआगारीत दुसरी तार चढवून पंचमावर नेतात, मग तिच्यावरची ४ मोकळ्या तिसरीशी मिळते. सानसागारीत होनचोशीतली तिसरी उतरवतात, तिथेही दुसरीवरची ४ मोकळ्या तिसरीशी. बोट ठेवा, वाजवा, मोकळी तार वाजवा, ऐका, बोट केसभर सरकवा, पुन्हा ऐका. त्यानंतर हात पूर्ण उचलून मांडीवर ठेवा आणि न बघता पुन्हा तीच जागा शोधा. हे कंटाळवाणं आहे मला माहितीये, पण डावा हात यानेच तयार होतो.

आणि कान विसरा म्हणणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा की हे वाद्य घडवलं कोणी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर र्‍यूक्यू बेटांकडून, म्हणजे आजच्या ओकिनावाकडून, सानशिन हे तीन तारांचं वाद्य जपानमध्ये आलं तेव्हा ते हातात घेऊन त्याचं शामिसेन केलं बिवा हे जुनं तंतुवाद्य वाजवणाऱ्यांनी, ज्यांच्यात अंध वादकांची मोठी परंपरा होती. पुढे जिउता, म्हणजे शामिसेनवर गायचं एक जुनं संगीत, वाढवलं ते अंध वादकांनी. आणि भाची जे त्सुगारु वाजवते ते तर आओमोरीच्या बोसामांचं, दारोदार वाजवून पोट भरणाऱ्या अंध वादकांचं संगीत. ताकाहाशी चिकुझान (१९१० ते १९९८), ज्यांच्यामुळे त्सुगारु शामिसेन जपानभर पोचलं, त्यांची दृष्टी लहानपणी गोवराने जवळजवळ गेली होती. या लोकांनी दांडीवरची एक रेघ बघितली नाही. कानाने आणि हाताच्या सरकण्याने जागा पक्क्या केल्या, आणि त्यांच्याच वाद्याबद्दल आपण लिहायचं की कानाची गरज नाही? मला हे फार लागलं.

बाकीचे नियम पटपट घेते.

नखं मुळापासून कापा: नागाउतात तर साफ चूक. तर्जनीने तार दाबताना नखाच्या कडेचा आधार लागतो, मऊ मांसाने दाबली तर आवाज बोदा येतो. वर्षानुवर्षं वाजवणाऱ्यांच्या नखाला तारेची खाच पडते, तिला इतोमिची म्हणतात, वादक ती खाच घासून सांभाळतात. त्सुगारुत नख किती ठेवायचं ते तुमच्या शिक्षकांना विचारा, तिथे मी सांगणार नाही. पण वाढवू नका आणि मुळापासूनही कापू नका, टोकाला बेताचं राहू द्या.

विणलेलं कापड शोभेचं: युबिकाके किंवा युबिसुरी, अंगठा आणि तर्जनीत घालायचा तो छोटा विणलेला पट्टा. बेचक्याला घाम येतो, दांडीवर लॅकर किंवा पॉलिश असतं, हात चिकटतो. पट्ट्यामुळे तो सुळकन सरकतो, त्यासाठीच आहे. तो काढून टाकायला सांगणाऱ्याने जपानी दमट उन्हाळ्यात एकदा तरी वाजवून बघितलं असतं तर हे लिहिलंच नसतं.

पहिल्या दिवसापासून फास्ट: मेट्रोनोमला माझा विरोध नाही, लय पक्की होते. पण जागा न सापडलेला हात वेगात वाजवला की चुकीच्या जागा पक्क्या होतात आणि त्या नंतर काढणं फार जड जातं. त्सुगारुची रेकॉर्डिंग ऐकून सगळ्यांना वेग दिसतो, त्यातला मोठा भाग उजव्या हाताचा असतो.

वीणेतून आलंय, तार आडवी ओढा: चीनचं सानशिएन, मग र्‍यूक्यूचं सानशिन, मग साकाई बंदरातून जपान, असा त्याचा प्रवास आहे. सतारीची मींड पडद्यावर तार आडवी खेचून येते. शामिसेनची सुरी ही तार दाबून बोट दांडीवरून लांबीच्या दिशेने घसरवून घेतात. आडवी खेचायला तिथे जागा तरी कुठे आहे, बारीक दांडी जेमतेम अडीच सेंमी रुंद असते.

भाचीसाठी आणि तिच्यासारख्या ज्यांचा हात आधीच दुखतोय त्यांच्यासाठी: डॉक्टर हो म्हणेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही. नंतर पहिले काही दिवस बाची, म्हणजे उजव्या हातात धरून तार छेडायचं ते मोठं साधन, घ्यायचंच नाही. फक्त डावा हात. आधी हात सोडून बैठक तपासायची, मग हाजिकी, म्हणजे तर्जनीने तार धरून अनामिकेने ती छेडायची, मग उची, म्हणजे बोट वरून तारेवर टाकून आवाज काढायचा. दोन्हींत जोर लावला तर आवाज येत नाही, बोट हलकं आणि चटकन पडलं तरच येतो, त्यामुळे हाताला दाबायची सवय लागत नाही. मग ४ वरून १० वर आणि परत, सावकाश, कोपरापासून हात नेऊन, अंगठा दांडीला नुसता लागून आहे ना ते प्रत्येक वेळी बघून. अंगठा घट्ट झाला की थांबायचं, हात झटकायचा, पुन्हा बसायचं. आणि क्लबातल्या सेन्पाईंना, म्हणजे सीनियर्सना, मनगट बघायला सांग, सायली, स्वतःचं मनगट वाजवताना स्वतःला दिसत नाही.